शुक्रवारी राऊटर घराबाहेर जात नाही

तेव्हा मी जेमतेम अडुसष्ट वर्षांची होते. अल्लड वय. दोन्ही गुडघे स्वतःचे होते आणि अक्कल यायची होती. आता मी एकाहत्तरची आहे, उजवा गुडघा स्टीलचा आहे, आणि त्या पोरीकडे मागे वळून बघितलं की वाटतं, हिला कुणीतरी वेळीच एक चापट द्यायला हवी होती. काय तर म्हणे, नेटच्या कनेक्शनवरून समोरच्या दारावर जळत होती.

समोरचं दार अक्कांचं. आमच्या मजल्यावर दोनच फ्लॅट, मधे लिफ्ट आणि चार पावलांची जागा. अक्का तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिकडचेच झाले. बोलायला लागल्या की कुणीतरी जुनी पोथी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या आणि केस मात्र माझ्याहून काळे. रंग न लावता. बाकी सगळं मी सोसलं असतं.

मत्सर हा माझा जुना छंद आहे. बावीस वर्षांची असताना साताऱ्याहून लग्न होऊन चेन्नईजवळच्या आवडी गावात, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आले, तेव्हा तमिळ शेजारणीचं कोलम, म्हणजे त्यांची ठिपक्यांची रांगोळी, माझ्या रांगोळीपेक्षा मोठं दिसतं म्हणून मी पहाटे उठून माझी रांगोळी तिच्या पायरीपर्यंत वाढवत नेली होती. ती हसली आणि दुसऱ्या दिवशी तिने आपलं कोलम माझ्या पायरीपर्यंत आणलं. पंधरा दिवसांत दोघींच्या ठिपक्यांनी अख्खा रस्ता भरला आणि दूधवाला सायकल खांद्यावर घेऊन येऊ लागला. आमचे हे तेव्हा कारखान्यात तपासनीस होते. एवढंच म्हणाले, "उद्या घरावर सुरू कर." त्यानंतर सेहेचाळीस वर्षं गेली, हे निवृत्त झाले, आम्ही चेन्नईत गिंडीजवळ हा फ्लॅट घेतला. माझ्यात तसूभर फरक पडला नाही.

तर झालं असं, की पुण्याच्या माझ्या मुलाची मुलगी, माझी एकुलती एक नात, चेन्नईतच, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत नोकरीला लागली. मी पेढे वाटले. पहिला पेढा अक्कांना, कारण त्यांची भाचरं दोन्ही परदेशात आणि माझी नात तासाभराच्या बसवर, हे त्यांना पेढ्यासकट गिळायला लावायचं होतं. नात ऑफिसजवळ मुलींच्या हॉस्टेलवर राहायची. आठवड्याचे तीन दिवस ऑफिस, गुरुवार-शुक्रवार घरून काम. बुधवारी संध्याकाळी पाठीवर बॅग टाकून ती आमच्याकडे यायची आणि रविवारी जायची. मी बुधवार सकाळपासून खिडकीत.

पण आमचं नेट. मीटिंगच्या ऐन मध्यावर तिचं चित्र गोठायचं, तेही नेमकं तोंड उघडं असताना. साहेबाला वाटायचं, ही जांभई देतेय. ती म्हणाली, "आजी, तुझं नेट पाहुण्यासारखं आहे गं. येतं, बसतं, जरा डोळा लागला की निघून जातं." आणि एका गुरुवारी तिने लॅपटॉप उचलला, चार पावलं टाकली आणि अक्कांची बेल वाजवली.

पहिल्या दिवशी तासभर गेली. मग दुपारपर्यंत. मग जेवूनच यायला लागली. लहानपणापासून माझ्या आमटीतला कढीपत्ता वेचून ताटाच्या कडेला लावणारी मुलगी, अक्कांकडचं रसम वाटीने पिऊन आली आणि मला सांगते, त्यात मिरं कसं छान लागतं. मी म्हटलं, बरं. आत जाऊन मिऱ्याची बाटली उघडली, वास घेतला, बंद केली.

दुपारी मी काही ना काही निमित्ताने दार उघडायचे. समोरून अक्कांचा आवाज यायचा, "कण्णा, काफी ठेवली आहे, निवते." माझ्या नातीला कण्णा, म्हणजे तमिळमध्ये बाळा. नातही "हो अक्का" म्हणायची. काय गोड आवाजात. मला तर "आले गं" म्हणते, दोन शब्दांत, तेही येत नाही.

अक्कांचं नेट आमच्याच कंपनीचं, आमच्यापेक्षा दुप्पट वेगाचं, आणि भाडं आमच्याहून कमी. हे कसं, ते त्यांनी एका शुक्रवारी हळदीकुंकू लावताना मला सहज सांगितलं. वर्षातून दोनदा त्या कंपनीला फोन करतात, तुमचं कनेक्शन नको, दुसऱ्या कंपनीचं घेते म्हणतात. मग कंपनी घाबरते आणि वेग वाढवून देते. "भाजीवाल्यापुढून दोन पावलं पुढे जायचं, वैनी," त्या म्हणाल्या. "तो हाक मारतोच."

आता सरळ मार्ग होता. आम्हीही जास्त भाडं भरून वरचा प्लान घ्यायचा. यांची पेन्शन काही त्याने बुडत नव्हती. हे तसं म्हणालेही. पण मी म्हटलं, अजिबात नाही. जे तिला दोन पावलांत मिळतं ते मी पैसे मोजून घेऊ? अडुसष्ट वर्षांच्या पोरीला कोण समजावणार.

मग ती बातमी आली. नात जेवताना म्हणाली, अक्का विचारत होत्या, त्यांची खिडकीजवळची खोली रिकामीच आहे, हॉस्टेल सोडून तिथेच का राहत नाहीस. "बघू, महिनाअखेरीला ठरवते," असं म्हणून तिने ताक मागितलं. मी ताक दिलं. हात स्थिर होता, याचं मला अजून कौतुक वाटतं. माझी नात माझ्याच मजल्यावर, समोरच्या घरात भाड्याने. सोसायटीतल्या बायका विचारतील, आजीकडे का नाही. मी काय सांगणार, माझ्याकडे नेट कमी आहे? आणि त्याहून वाईट म्हणजे, मी काही सांगण्याआधीच त्यांना वाटेल ते वाटलेलं असेल.

गुरुवारी सकाळी ती समोर गेल्यावर मी तालीम केली. आरशासमोर कपाळाला आठ्या घालून, कमरेवर हात ठेवून. फोनवर कंबर दिसत नाही हे ध्यानात आलं नाही. यांना म्हटलं, कनेक्शन तुमच्या नावावर आहे, तुम्हीच सांगा की आम्हाला ते नको. हे म्हणाले, "पण मला हवंय."

"खोटं बोलायचं हो नुसतं."

"एकतीस वर्षं मी पास झालेल्या मालावर पास आणि नापास मालावर नापास असा शिक्का मारला," हे म्हणाले आणि पेपर वर केला.

म्हणून मीच फोन लावला. दोन-तीन आकडे दाबले, थोडी बासरी ऐकली, आणि एक मुलगी आली. मी माझ्या तमिळमध्ये तिला धमकी दिली. माझं तमिळ ऐकून आवडीतले भाजीवाले इतकी वर्षं भाव कमी करत आले होते, दयेपोटी. म्हटलं, तुमची सेवा नको. ती म्हणाली, आम्हाला फार वाईट वाटतं, कारण कळेल का? मी म्हटलं, दुसरी कंपनी जास्त चांगली आहे. कोणती? लिफ्टमधून आणलेलं पत्रक माझ्या हातात होतं, पण चष्मा देवघरात. मी म्हटलं, ती निळ्या रंगाची. ती म्हणाली बरं, मग नोंद करू का? मी म्हटलं कर. म्हटलं, आता हाक येते. आता म्हणेल, थांबा आजी, असं काय करता.

तिने हाक मारली नाही. म्हणाली, साहेबांच्या मोबाईलवर एक नंबर आलाय, तो सांगा. यांनी चष्मा लावून मेसेज पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचला, "कनेक्शन कायमचं बंद करण्यासाठी... अगं, तुला कायमचं बंद करायचंय का?" मी फोनवर हात ठेवला आणि म्हटलं, वाचा मुकाट्याने. त्यांनी आकडे वाचले. मुलीने आभार मानून फोन ठेवला. पाठोपाठ मेसेज: आमचा प्रतिनिधी उद्या चार ते सहाच्या दरम्यान येईल, राऊटर, वायर आणि चार्जर तयार ठेवावा.

मी दोन पावलं पुढे गेले होते. मागे वळून बघते तर भाजीवाला गाडी आवरून घरी गेलेला.

परत फोन करून चुकलं म्हणता आलं असतं. कंपनीसमोर नाक खाली झालं असतं तर मला काही नव्हतं, त्या मुलीने माझं नाक कुठे पाहिलंय. पण ते कसंही करून अक्कांच्या कानावर गेलं असतं. आमचे हे सांगणारच. कुणी विचारलं की हे खरं तेच सांगतात, हा त्यांचा दोष मी लग्नात पाहिला नव्हता. उलट आता राऊटर गेला म्हणजे होतं तेवढंही नेट गेलं, आणि नातीला समोर राहायला जायला मीच माझ्या हाताने कारण दिलं. रात्रभर मी त्या डब्याच्या हिरव्या दिव्यांकडे बघत पडले. सकाळी यांनी पट्टी घेऊन डब्याची लांबी-रुंदी मोजली, सगळं सोडवून वर्तमानपत्रात नीट बांधलं आणि वर यादी लिहिली: राऊटर एक, चार्जर एक, वायर एक. नात समोर होती. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

चार वाजले, पाच वाजले. सहा वाजले तरी कुणी आलं नाही. मी देवाला म्हटलं, बघितलंस ना, माझा हेतू शुद्ध होता. सव्वासहाला दिवा लावला, हात जोडले, आणि बेल वाजली.

दारात चाळिशीचा एक माणूस, हातात हेल्मेट, खांद्यावर पिशवी. पिशवीतून कुणाकुणाच्या घरच्या वायरी लोंबत होत्या. उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली. आमचे हे तत्परतेने पुडकं घेऊन पुढे झाले, दिलं म्हणजे दिलं अशा चेहऱ्याने. आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "आज नाही."

माझी आई तिन्हीसांजेला घरातून मीठ देत नसे, दही देत नसे, केरसुणी तर नाहीच. शुक्रवारी तर शेजारीण सुईदोरा मागायला आली तरी सकाळी ये म्हणायची. राऊटर त्या यादीत नव्हता. पण आई आज असती तर तिने तो केरसुणीच्या आधी घातला असता, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं. आणि खरं सांगते, ती थाप नव्हती. धमकी खोटी होती, पण दिवा लागल्यावर शुक्रवारी चालती वस्तू घराबाहेर द्यायची या कल्पनेने माझा हात आपोआप चौकटीला आडवा गेला होता.

तमिळमध्ये हे सगळं सांगायला गेले तर दोनच शब्द सुचले. शुक्रवारला वेळ्ळी म्हणतात आणि दिव्याला विळक्कु. देवघराकडे बोट दाखवून म्हटलं, "वेळ्ळी. विळक्कु."

त्याने आत दिव्याकडे बघितलं. उंबऱ्यावर ठेवलेला पाय मागे घेतला. "माझी आई पण देणार नाही, पाट्टी," तो हळूच म्हणाला. इकडे आजीला पाट्टी म्हणतात. मग मोबाईल काढून विचारात पडला. वस्तू का मिळाली नाही याची कारणं कंपनीने त्यात आधीच लिहून ठेवली होती: घर बंद, पत्ता चूक, ग्राहक भेटला नाही. लक्ष्मीसाठी काही सोय नव्हती.

इतक्यात समोरचं दार उघडलं. शुक्रवार, म्हणजे अक्का कुंकवाची डबी घेऊन यायच्याच. मागे माझी नात, कानात ते यंत्र अडकवलेली. अक्कांनी एकदा त्या माणसाच्या पिशवीकडे बघितलं, एकदा यांच्या हातातल्या पुडक्याकडे, आणि एकदा माझ्याकडे. गणिताच्या बाई, त्यांना दुसरी ओळ वाचावी लागली नाही. लिफ्ट उघडी होती. मला वाटलं तिच्यात शिरावं आणि तळमजल्याच्याही खाली जावं.

अक्का त्या माणसाशी तमिळमध्ये बोलायला लागल्या. काय तमिळ ते. माझ्या दोन शब्दांपुढे जरीकाठी पदर उलगडावा तसं. मला समजत सगळं होतं. त्या त्याला सांगत होत्या, की शेवटी 'इतर कारण' असेल, ते उघड आणि मी सांगते ते लिही. गिऱ्हाईक जुनं आहे, सोडून जायचं नाही. नात घरून काम करते, तिला वेग पुरत नाही म्हणून रागावल्या आहेत. वेग वाढवून दिला तर राहतील. उद्या सकाळी तुमच्या वरच्या लोकांना फोन करायला सांग. तो माणूस आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा सगळं लिहून घेत होता. नात एकदा माझ्याकडे, एकदा पुडक्याकडे बघत होती, आणि तिचा खालचा ओठ दाताखाली होता, म्हणजे हसू दाबत होती.

तो गेल्यावर अक्कांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "दोन पावलंच म्हणाले होते, वैनी. तुम्ही तर बसमध्ये जाऊन बसला."

मी हसले. आत काय जळत होतं ते माझं मला ठाऊक. हरले असते तर एक वेळ चाललं असतं. पण जिंकायचं, आणि तेही हिच्या तोंडून?

सकाळी साडेनऊला फोन आला. कुणी वरच्या बाई होत्या, आवाजाने तरी. साहेबांशी बोलायचं म्हणाल्या. विचारलं, तुम्ही खरंच आम्हाला सोडणार होता का? मी डोळे मिटले. हे म्हणाले, "छे हो. बायकोचा राग होता." त्या बाई हसल्या, बराच वेळ हसल्या, आणि मग त्याच भाड्यात वेग दुप्पट करून दिला. अक्कांच्या बरोबरीचा. बरोबरीचाच, जास्त नाही, हे मी दोनदा विचारून घेतलं.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी नात हॉस्टेल सोडून येणार होती. कुठे, ते तिने सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. मी दाराआड उभी. लिफ्ट उघडली. बॅगेची चाकं फरशीवर वाजली, थांबली. ती चार पावलांची जागा किती मोठी असते ते मला तेव्हा कळलं. मग चाकं आमच्याकडे वळली, आणि मी इतक्या पटकन दार उघडलं की तिचं बोट अजून बेलकडे जात होतं. "आजी," ती म्हणाली, "तू काय दाराला चिकटून होतीस का?" मी म्हटलं, छे, बाहेर जात होते. पायात चप्पल नव्हती.

त्यानंतर महिनाभर मी तिला समोरच्या दाराची आठवणसुद्धा येऊ दिली नाही. मीटिंगमध्ये पेरूच्या फोडी नेल्या, शिरा नेला, एकदा न्हालेले केस पंचाने झटकत मागून गेले आणि तिच्या साहेबांनी मला नमस्कार केला. रसमसुद्धा केलं, मिरं घालून. ती म्हणाली, छान आहे. मी विचारलं, तिकडच्यासारखं? ती म्हणाली, "आजी, जेवू दे ना."

तीनेक महिन्यांनी, वाटाणे सोलताना, मी न राहवून विचारलं, समोरची खोली का घेतली नाहीस गं. माझी खात्री होती की ती म्हणेल, तुझ्यासाठी. ती म्हणाली, "मी घेणारच होते. अक्कांनीच नाही म्हटलं. त्या शुक्रवारीच, आजोबा पुडकं घेऊन उभे होते ना, तेव्हा घरात जाऊन मला म्हणाल्या, खोलीत पाहुणे यायचेत, तुला देता यायची नाही."

पाहुणे. मी तेव्हापासून त्या पाहुण्यांची वाट बघितली. लिफ्टचा आवाज आला की दाराच्या भोकाला डोळा. कोणी आलं नाही. एकदा अक्कांकडे वाटी परत करायला गेले तेव्हा त्या खोलीत डोकावून बघितलं. खिडकीजवळ टेबल होतं, खुर्चीवर नवी उशी, आणि टेबलावर एक पितळी पेला नि त्याखालची खोलगट वाटी, डबरा म्हणतात ती, काफीसाठी पालथी घातलेली. माझ्या नातीसाठी ठेवलेली. त्या शुक्रवारी अक्कांनी तोंड उघडलं नसतं तर राऊटर शनिवारी गेला असता आणि माझी नात त्या उशीवर बसली असती. गणिताच्या बाईंना एवढी वजाबाकी येत नव्हती असं नाही.

मला आनंद झाला नाही. मला इतका राग आला, की चांगुलपणातही ही माझ्या पुढे.

म्हणून आता मी गुरुवारी सकाळी नऊ वाजता देवघराशेजारचं राऊटरचं बटण बंद करते. पहिल्या गुरुवारी नात डब्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, नेट गेलं की लाल दिवा लागतो. इथे दिवाच नाही."

"मग बिघाड मोठा असेल," मी म्हटलं. "समोर जाऊन बस."

तिने माझ्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, लॅपटॉप उचलला आणि गेली. हे पेपराआडच राहिले. त्यांना कुणी विचारलेलं नाही, म्हणून वाचले.

एकच वार. गुरुवार. दिवसभर मला काही सुचत नाही. दार तीनदा उघडते, "कण्णा" ऐकते, बंद करते. पाच वाजता बटण सुरू करते, आणि पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत पोरगी आली नाही तर साखरेचा रिकामा डबा हातात घेऊन समोरची बेल वाजवते.

परवाच्या गुरुवारी अक्कांनी दार उघडलं. माझ्या हातातल्या डब्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"आलं का नेट, वैनी?" त्या म्हणाल्या. "आज दहा मिनिटं आधीच दुरुस्त झालं."

त्यांच्या पाठीमागे ट्यूबलाइट लागलेली होती. केस अजून काळेच.